कोणता पंख भरवशाचा?

सुटीत आपल्यापैकी काहीजण भोपाळहून पुण्याजवळच्या कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला जाणार आहेत. सांगाड्याचा हँगग्लायडर बरा, असे काहींचे मत. त्यात तथ्य आहे. पॅराग्लायडरचा कापडी पंख आतल्या हवेच्या दाबानेच फुगलेला राहतो. खवळलेल्या हवेत त्याची कड दुमडते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेला हँगग्लायडर तसा मिटत नाही. परंतु त्याचा वेग अधिक, आणि उडणारा पालथा, डोके पुढे. उतरताना चुकले तर मार डोक्यामानेला. ऑटो लिलिएंथालचा पंखही सांगाड्याचाच होता. १८९६ साली तो कोसळला तेव्हा त्याची मान मोडली. दुपारी आपल्या तलावावर घारीला अलगद उचलणारी तापलेली हवा नवशिक्याला, पंख कोणताही असो, झेपत नाही. त्याने सकाळीच उडावे.