कपाशीच्या बोंडातील डाग : किण्वजन्य रोगाची ओळख

हिरवे, टणक बोंड बाहेरून निरोगी दिसते. परंतु कापून पाहिल्यास आतील रुई पिवळसर-तपकिरी झालेली आढळते. असे बोंड नीट उमलत नाही, कापूस कवडी होतो व त्याची प्रत घसरते. वऱ्हाडातील कपाशी उत्पादकांनी कारण ओळखल्यावाचून फवारणीवर पैसा खर्च करू नये.

रोगाचे कारण

असा डाग पाडणाऱ्या सूक्ष्मजीवांत एरेमोथेसियम गॉसिपी व एरेमोथेसियम कोरिली या दोन जाती प्रसिद्ध आहेत. पाव फुगविणारे किण्व, म्हणजे यीस्ट, यांच्याच कुळातील होय. पहिल्या जातीचे वर्णन ॲशबी व नॉवेल यांनी १९२६ साली केले. या जाती बोंडाची साल स्वतः भेदू शकत नाहीत. लाल ढेकूण सरकीतील रस शोषण्यासाठी सोंड खुपसतो, तेव्हा त्या आत शिरतात. काही जिवाणूही याच वाटेने जातात.

शेतातील ओळख

निरनिराळ्या झाडांवरील काही हिरवी बोंडे चाकूने उभी कापावीत.

१. आत अळी, विष्ठा वा सरकी पोखरलेली दिसल्यास तो बोंडअळीचा उपद्रव समजावा.
२. सालीवर काळी, करडी वा गुलाबी बुरशी वाढली असल्यास ती बाहेरून आलेली सड होय.
३. साल स्वच्छ, अळी नाही, पण सालीच्या आतील बाजूस बारीक फोड व जवळची रुई डागाळलेली असल्यास ढेकणांनी आणलेला रोग समजावा.

प्रयोगशाळेतील ओळख

तिसऱ्या प्रकारात दोषी किण्व की जिवाणू, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कोरिली जातीच्या गोलसर पेशींना कोंब फुटून नव्या पेशी होताना दिसतात. गॉसिपी जातीत कोंब येत नाहीत, फांद्या फुटलेले तंतूच असतात. दोहोंचे बीजाणू सुईसारखे लांब असतात. हीच गॉसिपी जात कारखान्यांत ब-२ जीवनसत्त्व तयार करण्यासाठी वाढवितात.

उपाय

बोंडात शिरलेल्या रोगावर बाहेरील बुरशीनाशकाचा उपयोग होत नाही. म्हणून ढेकणांचा बंदोबस्त करावा. झाडे हलवून ढेकूण रॉकेलमिश्रित पाण्यात पाडावेत. बांधावर ओल्या सरकीचे लहान ढीग ठेवून त्यांवर जमलेले ढेकूण नष्ट करावेत. शेजारच्या भेंडी-अंबाडीवरही लक्ष ठेवावे. वेचणी संपताच पऱ्हाटी उपटावी, फरदड घेऊ नये. डागी कापूस वेगळा वेचावा. चांगल्यात मिसळल्यास सर्वच मालाचा भाव उतरतो.