जहाज विकत मिळतं, कॅप्टन घडवावा लागतो

"सर, पैसे जमलेत, दुसरं दुकान टाकू का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. माझा उलटा प्रश्न असतो: तिथे गल्ल्यावर कोण बसणार? याचं उत्तर आज आपण भारतीय नौदलाकडून शिकू.

ब्रिटिश काळात इथल्या नौदलात भारतीय माणूस खलाशी व्हायचा, अधिकारी नाही. हे दार 1928 मध्ये उघडलं आणि डी. एन. मुखर्जी इंजिनिअर शाखेतले पहिले भारतीय अधिकारी झाले. त्याच सुमारास, 1927 मध्ये, मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं. तिथे व्यापारी जहाजांसाठी भारतीय अधिकारी तयार होत. पहिल्याच बॅचमध्ये होते राम दास कटारी. पुढे त्यांनी कलकत्त्याला हुगळी नदीच्या सर्वेक्षणाचं काम केलं आणि 1939 मध्ये, दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, ते नौदलाच्या राखीव दलात आले.

आता 1947 बघा. देश आपला, नौदल आपलं. 1948 मध्ये ब्रिटनकडून घेतलेली 'दिल्ली' ही क्रूझरही आली. पण अख्खं नौदल सांभाळण्याइतका अनुभव असलेला भारतीय अधिकारी अजून तयार नव्हता. लष्करात भारतीयांना हे दार साधारण दहा वर्षं आधी उघडलं होतं, म्हणून तिथे 1949 मध्येच करिअप्पा प्रमुख झाले. नौदलात मात्र जवळजवळ 11 वर्षं एकामागून एक चार ब्रिटिश प्रमुख राहिले. 22 एप्रिल 1958 रोजी कटारी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. 1962 मध्ये त्यांच्या जागी आले आपले भास्कर सदाशिव सोमण.

हिशोब करा: दार उघडल्यापासून प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत 30 वर्षं. जहाजाचे पैसे एका दिवसात देता येतात, अनुभवाचे नाही.

आपल्याला 30 वर्षं लागणार नाहीत, पण पद्धत तीच. जहाजावर कॅप्टन झोपलेला असताना 'वॉच'वरचा तरुण अधिकारी जहाज सांभाळतो. चार तास, पण पूर्ण जबाबदारी. दुकानात हेच तीन पायऱ्यांत करा:

1. पहिले काही महिने: बिल, स्टॉक आणि रोजचा गल्ला जुळवणं.
2. त्यानंतर: ठरावीक रकमेपर्यंत खरेदी आणि व्यापाऱ्यांशी बोलणी त्याच्याकडे.
3. शेवटी: आठवड्यातून एक दिवस पूर्ण दुकान त्याचं. तुम्ही फोनसुद्धा करायचा नाही. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी, गिऱ्हाईक नसताना, शांतपणे बोला.

आणि पगार? पायरी चढली की पगारही चढला पाहिजे. नाहीतर तुम्ही शिकवलेला माणूस समोरच्या दुकानात दिसेल!

आजचा होमवर्क: वहीत एक नाव लिहा. तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर दुकान कोण चालवेल? नाव सुचत नसेल, तर दुसऱ्या दुकानाचं डिपॉझिट आत्ताच भरू नका. आधी माणूस घडवायला घ्या.