घरातील बंदूक आणि वारसाची जबाबदारी

कोणताही कायदा विशिष्ट हेतूने केला जातो. परंतु त्याचे परिणाम त्या हेतूच्या मर्यादेतच राहतात असे नाही. शस्त्र अयोग्य माणसाच्या हाती पडू नये, हा शस्त्रविषयक कायद्याचा हेतू निर्विवाद होय. मात्र शस्त्र घेणाऱ्याच्या चौकशीचे बंधन दुकानदाराप्रमाणेच खाजगी देवघेवीलाही लागू होते, तेव्हा त्याचा भार गुन्हेगारापेक्षा सरळमार्गी कुटुंबावर अधिक पडण्याचा संभव असतो. धाराशिवसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पिकाच्या राखणीसाठी बंदूक बाळगणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न समजून घेण्याजोगा आहे.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम, १९५९ हा दिनांक १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. परकीय सत्तेच्या काळातील १८७८ च्या कायद्याची कठोरता कमी करून सत्प्रवृत्त नागरिकास परवान्यावर शस्त्र मिळावे, ही त्यामागील भूमिका होती. म्हणूनच पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद कलम १३ मध्ये आढळते. परवाना देण्यापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो.

खाजगी विक्रीसंबंधीची तरतूद कलम ५ मध्ये आहे. स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीस देता येते. परंतु तत्पूर्वी घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हा दंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याची पात्रता पडताळण्यास अवधी मिळावा, हे त्यातील तत्त्व होय.

अनपेक्षित परिणाम

पहिली अडचण वारसांची. समजा, भूम तालुक्यातील एखादा परवानाधारक शेतकरी मृत्यू पावला. जमिनीची वारसनोंद होते, सातबारावर मुलांची नावे लागतात, आणि बंदूकही त्याच नोंदीने आपली झाली असे घरच्यांना वाटते. वास्तविक परवाना हा व्यक्तीपुरता असतो; तो वारसाहक्काने मिळत नाही. धारकाच्या निधनानंतर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे कलम २१ सांगते. ती तशीच माळ्यावर राहिली तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधास किमान २ व कमाल ५ वर्षांचा कारावास आहे. दरोड्याच्या इराद्याने शस्त्र दडविणारा आणि पतीची आठवण म्हणून बंदूक जपणारी विधवा, हे दोघे कागदावर एकाच कलमाखाली येतात.

ही गोष्ट उशिरा कळली की भीती उत्पन्न होते. आता जमा करावयास गेलो तर आपल्यावरच खटला होईल, या धास्तीने बंदूक पेंढ्यात लपविली जाते, विहिरीत टाकली जाते किंवा गुपचूप विकली जाते. जे शस्त्र नोंदीत राहावे म्हणून कायदा झाला, तेच अशा रीतीने नोंदीबाहेर जाते. बेकायदा कट्टा घेणारा तर लेखी सूचना देण्यास कधीच येत नसतो.

दुसरी अडचण उसनवारीची. रानडुकरांचा उपद्रव वाढला की शेजाऱ्याची बंदूक दोन रात्री राखणीसाठी मागून आणणे गावकऱ्यास शेजारधर्म वाटतो. स्वतःचा परवाना नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तो अपराध होय.

तिसरी अडचण अभयारण्यालगतच्या गावांची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिसरात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्याच्या आसपास पीक राखणाऱ्यांना ही पायरीही ध्यानात घ्यावी लागते.

असा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१४ साली मतदारांच्या कौलाने खाजगी देवघेवीलाही चौकशी लागू झाली. तात्पुरते देणे हेही हस्तांतरण ठरणार असल्याने लिंडेन येथील एका संग्रहालयाने प्रदर्शनासाठी उसन्या आणलेल्या दुसऱ्या महायुद्धकालीन रायफली मालकांना परत करण्याचे ठरविले. अशा प्रसंगाचा विचार कायदा करताना कोणी केला नव्हता.

उपाय कोणते

यावरून चौकशीच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चौकशी हवीच, परंतु तिच्या दारापर्यंत सामान्य माणूस निर्भयपणे पोहोचला पाहिजे. त्यासाठी कायद्यातच वाटा आहेत. शस्त्र नियम, २०१६ अन्वये मृत धारकाच्या वारसास परवाना मागता येतो. धारक हयात असतानाही त्याच्या वयाची ७० वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. एका व्यक्तीस २ बंदुकांची कमाल मर्यादा वारसाहक्कातही लागू आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. परवाना नको असल्यास जमा केलेली बंदूक पात्र व्यक्तीस विकण्याचा हक्क वारसास आहे. विहित मुदतीत काहीच केले नाही तर ती सरकारजमा होऊ शकते; मात्र त्यापूर्वी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

म्हणून मृत्यूची नोंद करणारे ग्रामपंचायत अधिकारी, वारसनोंद घेणारे ग्राम महसूल अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी त्या प्रसंगी "घरात परवान्याची बंदूक आहे काय?" एवढे आपुलकीने विचारावे. असल्यास ती जमा करून पावती घेण्यास कुटुंबास साहाय्य करावे. शिक्षकांनी पालकसभेत व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत ही माहिती सांगावी. दुःखाच्या दिवसांत वेळेवर मिळालेला एक शब्द त्या घरावरील खटला टाळू शकतो, आणि शस्त्रही नोंदीतच राहते. कायद्याचा मूळ हेतूही तोच आहे.