जिवाची किंमत

आजचे वचन: गणना ३५:९-३४

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना प्रत्येक नुकसानाचा आकडा काढायची सवय. नियमशास्त्रातही भरपाई आहे: चोरून कापलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरे (निर्गम २२:१). पण खुनाला भरपाईच नाही! खुनी कितीही श्रीमंत असो, खंडणी घेऊन त्याला सोडायचे नाही (वचन ३१). कारण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती ९:६).

आणि आरोपीचा जीव? तोही मोलाचाच. चुकून मनुष्यवध झालेल्यासाठी सहा शरणपुरे. एकट्या साक्षीदारावरून मृत्युदंड नाही (वचन ३०).

म्हणून प्रियांनो, ‘फाशी द्या’ असं फॉरवर्ड करण्याआधी थांबा. मारल्या गेलेल्यासाठी न्याय जरूर मागा, पण चौकशी पूर्ण होऊ द्या.

प्रार्थना: प्रभू, प्रत्येक जिवात तुझे प्रतिरूप बघायला आम्हाला शिकव. आमेन.