गोळ्या बदलल्या, कळ तीच

राग एकाच गोष्टीचा आहे. माझं तोंड उघडून कुणी बघितलंच नाही.

अक्कलदाढ काढल्यावर पहिला दिवस बरा गेला, मग कळ थेट कानात जायला लागली. फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी आत विचारून सांगायची, "इन्फेक्शन असेल मॅडम, गोळी बदलून देतो." अमॉक्सिसिलिन होतंच, त्यात मेट्रोनिडॅझोल आलं, नंतर ‘स्ट्राँग’ म्हणून आणखी एक. चहालाही धातूची चव. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर. ती बुरशी, अँटिबायोटिकचीच देणगी, हे नंतर कळलं.

शेवटी नणंदेच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आरसा आत घातला, सलाइनच्या पाण्याने खड्डा धुतला. भाताचं एक शीत बाहेर आलं. म्हणाल्या, "अहो, रक्ताची गुठळीच टिकली नाही इथे. हाड उघडं पडलंय. याला ड्राय सॉकेट म्हणतात, यात गोळ्या काय करणार?" लवंगतेलाच्या वासाची औषधी पट्टी भरली आणि चपला घालेपर्यंत कळ ओसरली. तेव्हा आधी हायसं वाटलं, मग संताप आला. पहिल्या डॉक्टरांना कळवलं तर म्हणे, "तुम्ही जोरात चूळ भरली असेल." मी? कागदावर लिहिलं होतं तसंच सगळं केलं होतं!

तर, दुखणं आधी कमी होऊन दोन-तीन दिवसांनी उसळलं, ताप नाही, पू नाही, तर फोनवर औषध घेऊ नका, खड्डा बघायला लावा. सूज वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा. तिथे अँटिबायोटिक लागू शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर मेट्रोनिडॅझोल घेण्याआधी सांगा, रक्तस्राव वाढतो. शेजारच्या काकूंनी कॅप्सूल फोडून पूड जखमेवर दाबायला सांगितली होती. अजिबात नको. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध आम्लधर्मी असतं, कोवळी त्वचा भाजते. मिश्री, तंबाखू, सिगारेट बंद. मऊ खा, तोंड स्वच्छ ठेवा, हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

आणि एक्स-रे, चिठ्ठी त्याच दिवशी हातात घ्या. माझा एक्स-रे मागितला तर "शोधावा लागेल" म्हणाले. अजून शोधतायत.