पट्टी घेतल्याशिवाय निघायचं नाही

आमच्या जुन्नर-आंबेगावची मुलं पुण्याला शिकायला निघाली की घरात सगळ्यांना धास्ती असते ती अभ्यासाची. इंग्रजी झेपेल का, शहरातल्या पोरांपुढं टिकेल का? माझ्या पाहण्यात मात्र बहुतेकांचं अडतं ते अभ्यासाच्या अलीकडेच. खोलीवर अडतं, मेसमध्ये अडतं, पाण्याच्या टाकीपाशी अडतं, नाहीतर शनिवारच्या एसटीत. मी नारायणगावजवळच्या खेड्यातून पुण्याला गेलो, तिथंच शिकलो. आता दर जूनला गावातले आईवडील विचारायला येतात, "पोराला कुठं ठेवावं?" त्यांना जे सांगतो, ते इथं सलग लिहितो.

पहिली गोष्ट खोलीची. मला सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली होती. एका खोलीत चार कॉट, चार कुलपं, संडास सगळ्या मजल्याला मिळून. दोन महिन्यांचं भाडं अनामत म्हणून रोख घेतलं. मालक बोलायला गोड. "अरे, आपल्या माणसांत कागद कशाला?" म्हणाले. वर्षाअखेरीला खोली सोडताना अनामत मागितली, तर रंगकाम, खिडकीची काच, थकलेलं वीजबिल अशी वजाबाकी सुरू झाली. हातात पडलं त्यात महिन्याची मेसही भागली नसती. भांडायचं म्हटलं तर माझ्यापाशी एक चिठोरंही नव्हतं.

घरी सांगितलं, तर तात्यांनी एवढंच विचारलं, "पट्टी कुठाय?"

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल दिला की किती क्रेट, काय भाव, किती रक्कम, हे पट्टीवर लिहून मिळतं. समोरच्या व्यापाऱ्याशी वर्षानुवर्षांची ओळख असते, एकमेकांच्या लग्नाकार्यात उठबस असते. तरी पट्टी खिशात पडल्याशिवाय शेतकरी बाजारातून हलत नाही आणि त्यात कुणाला अपमानही वाटत नाही. खोलीला हाच नियम लावा.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आता अठरा वर्षांच्या पोरानं दारातच कलम दाखवलं तर कॉट मिळायची नाही, हे मलाही कळतं. म्हणून आधी करार मागा. अगदीच नाही म्हणाले, तर वहीच्या पानावर तारीख, रक्कम, "अनामत" हा शब्द, खोली सोडण्याआधी किती दिवस सांगायचं आणि वीजबिल कसं वाटायचं, एवढं लिहून मालकाची सही घ्या. पैसे रोख देऊ नका. मोबाइलवरून पाठवा आणि कशाचे ते तिथंच लिहा. राहायला जाल त्या दिवशी भिंती, खिडक्या, पंखा, नळ यांचे फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवा. सहीलाही जो नकार देतो, त्याच्याकडे अनामत ठेवू नका. पेठांमध्ये कॉट पुष्कळ आहेत.

खासगी खोली शोधण्याआधी एक दार मात्र ठोठावून पाहाच. पुण्यात गावाकडच्या मुलांसाठी वसतिगृहं आहेत. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची शासकीय वसतिगृहं आहेत. आदिवासी विद्यार्थ्याला त्यात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार आहे. या दोन्ही योजनांत पुण्यासारख्या शहरासाठी भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये ठरले. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या मुलांना तर पहिली चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात, घराजवळच करता येते.

इथंही कागदच आडवे येतात. माझा एक रूममेट आहुप्याकडचा होता. मार्क चांगले, जातीचा दाखला तयार, पण बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं, आणि राहण्याच्या जागेचा पुरावा द्यायला मालक तयार नव्हते. त्याचा अर्ज बराच काळ लोंबकळत राहिला. उत्पन्नाचा दाखला, जातीचे कागद, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं खातं ही जुळवाजुळव निकालाची वाट न बघता मे महिन्यातच करा. तहसीलच्या सेतू केंद्रात जूनमध्ये उभं राहायला जागा नसते. आणि योजनेचा पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांचं भाडं त्याच्या भरवशावर ठेवू नका.

जेवणाचं आता पुष्कळ सोपं झालंय. एके काळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाची, सुरुवात त्याच काळातली. आज गल्लोगल्ली मेस आहेत आणि निवडायला वाव आहे. तरी पहिल्याच दिवशी महिन्याचे पैसे भरू नका. दोन-तीन ठिकाणी सुटं ताट घेऊन जेवा, आणि त्यातलं एक जेवण रात्री उशिरा घ्या. मेसची खरी परीक्षा शेवटच्या पंगतीत होते. तेव्हा भाजी उरते का, पोळी गरम मिळते का, ते बघा. सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर खाडा धरतात, तो आधी सांगावा लागतो का, हे विचारून घ्या. आपण सणावाराला, जत्रेला हमखास गावी जाणारी माणसं, त्यामुळे खाड्याचा हिशेब आपल्याला इतरांपेक्षा जास्त लागतो. बऱ्याच मेसना रविवारी रात्री सुट्टी असते. दुपारी फिस्ट आणि रात्री मासवडीची आठवण, असा तो दिवस जातो. त्या रात्रीसाठी आणि संध्याकाळच्या भुकेसाठी घरून शेंगदाण्याचे, नाचणीचे लाडू आणून ठेवा. महिन्याचा हिशेब मोडतो तो मेसमुळे नाही, रोज संध्याकाळी पाच वाजताच्या वडापाव-चहामुळे.

पाण्याबाबत मात्र जराही हयगय नको. दुसऱ्याच सत्रात मला कावीळ झाली. कुठल्या पाण्यानं झाली हे सांगता येणार नाही, पण वाड्यावरची टाकी शेवटची कधी धुतली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महिनाभर गावी पडून राहिलो आणि अंतर्गत परीक्षा हुकल्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हाही दूषित पाण्याचीच चर्चा झाली. खोली बघताना भाड्याच्या आधी टाकीचं विचारा. खोलीतल्या चौघांनी वर्गणी काढून एक किटली घ्या आणि पाणी उकळून प्या. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा. घरचा फोन नंबर रूममेटकडे आणि त्याच्या घरचा तुमच्याकडे असू द्या. आजारी मुलगा घरी कळवत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता एसटीचं. आपलं गाव पुण्याच्या जवळ, आणि त्याचाच त्रास होतो. मंचर साठ किलोमीटर, नारायणगाव पंच्याहत्तरच्या आसपास. लातूर-नांदेडचा मुलगा दिवाळीशिवाय गावी जात नाही, म्हणून तो नाइलाजानं का होईना, शहराला सरावतो. आपण शनिवारी दुपारीच वाकडेवाडी गाठतो. (घरचे अजून "शिवाजीनगरला उतर" म्हणतात. मेट्रोच्या कामासाठी ते एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं, हे त्यांना सांगून ठेवा.) रविवारी संध्याकाळी परतीच्या गाडीत जागा नसते, चाकण-मोशीला कोंडी असते. मग "सोमवारी पहाटे निघतो" म्हणतो, आणि सोमवारचे पहिले दोन तास बुडतात. त्याहून मोठं नुकसान वेगळंच असतं. वर्गातल्या मुलांची खरी मैत्री शनिवार-रविवारीच जमते. नोट्स कुणाच्या चांगल्या, कुठल्या अभ्यासिकेत जागा मिळते, लक्ष्मी रस्त्यावरच्या, १८४८ पासूनच्या पुणे नगर वाचन मंदिराचं सभासद कसं व्हायचं, महाविद्यालयाच्या "कमवा व शिका" योजनेत नाव कधी नोंदवायचं, हे सगळं त्याच दोन दिवसांत कानावर येतं. म्हणून पहिले दोन महिने गावाला जाणं टाळा. करमत नाही, रडू येतं, हे खरं आहे. गावी जाऊन ते थांबत नाही, दर सोमवारी नव्यानं सुरू होतं.

घरच्यांशीही एक गोष्ट स्पष्ट बोला. उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलमध्ये येते आणि तुमच्या परीक्षा त्याला लागूनच असतात. मजूर मिळत नाहीत, घरून फोन येतो, "दोन दिवस येऊन जा." नाही म्हणताना जीव तुटतो आणि हो म्हटलं तर पेपर जातो. संक्रांतीला घरी याल तेव्हाच परीक्षेचा अंदाज सांगा, म्हणजे मजुरांची किंवा सावडीची सोय वेळेत लागते. आईवडील अडवत नाहीत, त्यांना तारखा माहीत नसतात.

पालकांना एकच सांगणं. पोराला सोडायला याल तेव्हा मालकाला हात जोडून "पोराकडं लक्ष ठेवा" म्हणा, जरूर म्हणा. पण त्याच वेळी कागदावर सही मागा. ही मागणी पोरापेक्षा तुमच्या तोंडून सोपी जाते.

आणि विद्यार्थ्यांनो, बस्तान बसल्यावर पुढच्या जूनमध्ये गावाकडचा कुणी पिशव्या घेऊन पेठेत खोली शोधताना भेटला, तर त्याला तुम्ही देता ते खरं भाडं सांगा, टाकी कधी धुतात ते सांगा, आणि कुठल्या मालकानं अनामत परत केली नाही, तेही सांगा.