शेतात सापडणारा प्राचीन ठेवा आणि शेतकऱ्याचे कर्तव्य

नांगरट, सपाटीकरण, बांधबंदिस्ती, विहीर, शेततळे, फळझाडांचे खड्डे अशा कामांत जमिनीची मोठी उलथापालथ होते. चिकूच्या लागवडीसाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल असा खड्डा घेतात. दहा मीटर अंतरावर झाडे लावावयाची झाल्यास एका हेक्टरात असे शंभर खड्डे होतात. एखाद्या प्राचीन स्थळाची चाचणी घेणारा संशोधकही इतके खड्डे क्वचितच खणतो. त्यामुळे जमिनीत दडलेल्या जुन्या वस्तूंची पहिली गाठ बहुधा शेतकऱ्याशी किंवा मजुराशी पडते. त्या पहिल्या तासाभरात त्याच्या हातून जे घडते, त्यावर त्या वस्तूपासून मिळणारे ज्ञान टिकणार की नाहीसे होणार, हे ठरते.

पालघर जिल्ह्यात या विषयाचे महत्त्व विशेष आहे. वसई तालुक्यातील सोपारा हे प्राचीन काळचे मोठे बंदर होते. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी सोपारा येथे मिळाला व नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. आज बोईसर-तारापूर पट्ट्यात कारखाने, रस्ते, लोहमार्ग आणि घरे यांसाठी फार मोठ्या प्रमाणावर जमीन खणली जात आहे. पूर्वी नांगराचा फाळ वीतभर खोल जात असे. आता यंत्राची बादली काही मिनिटांत पुरुषभर खोल जाते.

चिंचणीचे ताम्रपट

तारापूरच्या खाडीपलीकडे डहाणू तालुक्यातील चिंचणी हे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्यास १९५५ साली आपल्या शेतात तांब्याचे नऊ कोरीव पत्रे सापडले. ते मोडीत गेले असते, तर काही शेर तांब्याची किंमत तेवढी हाती आली असती. तसे झाले नाही. पत्रे अभ्यासकांच्या हाती पोहोचले व पुराभिलेखतज्ज्ञ डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन करून ते प्रसिद्ध केले.

या पत्र्यांवर निरनिराळ्या काळांतील दानपत्रे आहेत. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मधील आहे. त्या काळी संयान, म्हणजे आजच्या गुजरातेतील संजाण, येथून या प्रदेशाचा कारभार मधुमती नावाचा अधिकारी पाहत असे. तो ताजिक, म्हणजे अरब होता व मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि एक अन्नसत्र उघडले. त्या सत्रात भात, कालवण व तूप मोफत मिळत असे, असे लेखात नमूद आहे. संयान येथील एका मठिकेस जमीन दान दिल्याचीही नोंद त्यात आहे. शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ मधील दुसऱ्या एका लेखात देवी भगवतीच्या मठिकेस तेलाचा घाणा दान दिल्याचा उल्लेख आहे. त्या तेलावर देवीपुढील दिवा तेवत राहावा, असा त्याचा हेतू होता.

एका शेतातून निघालेल्या या पत्र्यांवरून या किनाऱ्यावरील हजार वर्षांपूर्वीचे राज्य, व्यापार, अन्न, तेलाचा धंदा आणि भिन्न धर्मांच्या लोकांचा सहवास एवढे सर्व कळून आले. तांब्याच्या वजनात याची किंमत करता येत नाही.

वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची

ताम्रपटावर काळ लिहिलेला असतो, म्हणून तो स्वतः बोलतो. बहुतेक वस्तूंवर मात्र काहीही लिहिलेले नसते. अशी वस्तू किती जुनी आहे, हे ती ज्या थरात होती त्या थरावरून आणि तिच्याशेजारी असलेल्या खापऱ्या, राख, हाडे, धान्य यांवरून ठरते. वस्तू उचलली आणि थर विस्कटला की हा पुरावा नष्ट होतो. तो पुन्हा जुळवता येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल ग्रामस्थास खणताना कांस्याच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा या मूर्ती भारतीय कलेतील अनमोल वस्तू गणल्या जातात. परंतु त्या शास्त्रीय उत्खननात, थरांसह मिळालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मूर्ती वाचल्या, पण त्यांचा पुरावा अपुरा राहिला.

याउलट पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे थरामागून थर उलगडत उत्खनन केले. तेथे सोने-चांदीचा साठा मिळाला नाही. मिळाली ती घरांची जमीन, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा व जळलेले दाणे. त्यांवरून तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी सातू पिकवीत आणि पुराचे पाणी बांध व चर यांच्या साहाय्याने वळवीत, हे समजले. जळालेल्या दाण्यांची मूठ किती मोलाची असते, याचे हे उदाहरण होय.

मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अनुभव

असाच अनुभव इतर देशांतही आला आहे. मेक्सिकोमध्ये अॅझ्टेक लोकांची राजधानी स्पॅनिश सैन्याने १५२१ साली जिंकली आणि तिच्यावर नवे शहर उभे राहिले. त्या शहरात फेब्रुवारी १९७८ मध्ये विजेच्या तारांसाठी खणताना कामगारांच्या अवजाराला कोरीव दगड लागला. काम थांबवून पुरातत्त्व खात्यास कळविण्यात आले. तो कोयोलशाउकी या देवीचे शिल्प असलेला, सव्वातीन मीटर व्यासाचा पाषाण निघाला. त्यानंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले व अॅझ्टेकांचे मुख्य मंदिर प्रकाशात आले. कामगारांनी दगड फोडून खड्डा पुढे नेला असता, तर हे घडले नसते.

दुसरे उदाहरण शेतकऱ्यांना अधिक जवळचे वाटेल. एल साल्वादोर देशात होया दे सेरेन येथे १९७६ साली धान्याची कोठारे बांधण्यासाठी यंत्राने जमीन सपाट करण्यात येत होती. तेव्हा राखेखाली गाडलेले एक घर उघडे पडले. त्याच्या छपराचे गवत इतके चांगले टिकले होते की ते घर अलीकडचे असावे, असा प्रथम समज झाला. काम चालू राहिले व काही घरे नष्ट झाली. पुढे १९७८ साली पेसन शीट्स या संशोधकाने त्या गवताची कार्बन-चाचणी करविली. ते घर सुमारे १,४०० वर्षांपूर्वीचे ठरले. ज्वालामुखीच्या राखेखाली दबलेले ते माया लोकांचे खेडे होते.

तेथे राजवाडा नव्हता. शेतकऱ्यांची घरे होती. मडक्यांत साठवलेले घेवड्याचे दाणे, कोठीत टांगलेल्या मिरच्या, घरालगतचा परसू आणि सरी-वरंब्यावर उभा असलेला मका, असे सर्व जसेच्या तसे मिळाले. रोपे कुजून गेली होती, तरी राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या. संशोधकांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मक्याच्या ताटांचे व कणसांचे साचे काढले. कणसे उभ्या पिकातच वाळावीत म्हणून काही ताटे मधून मोडून वाकवून ठेवली होती, एवढे बारीक तपशील त्यातून मिळाले. हे खेडे १९९३ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाले.

मका व मिरची ही त्याच भूभागात माणसाने प्रथम लागवडीस आणलेली पिके आहेत. वाणगावच्या शेतकऱ्याची मिरची मूळची तिकडची. घोलवडचा चिकूही तिकडचाच. घोलवड येथे १८९८ साली चिकूची लागवड झाल्याची नोंद फळबागशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. ग्वाटेमालातील तिकाल येथील माया मंदिरांत दारांवरच्या तुळया याच चिकूच्या लाकडाच्या असून, त्यांतील काहींनी बाराशे वर्षांहून अधिक काळ दमट हवेस तोंड दिले आहे. पिकांचा इतिहास अशा तुळयांतून, दाण्यांतून व राखेतूनच कळतो. म्हणून राख व कोळसा दिसताच तो कचरा समजून फेकून देऊ नये.

ओळखावयाच्या खुणा

खणताना पुढील गोष्टी आढळल्यास सावध व्हावे:

१. एकाच ठिकाणी पुष्कळ खापऱ्या, विशेषतः लाल, काळ्या किंवा रंगकाम केलेल्या.
२. आजूबाजूच्या मातीहून वेगळा राखेचा, कोळशाचा किंवा जळलेल्या मातीचा थर.
३. मोठ्या आकाराच्या जुन्या विटा, दगडी जोते किंवा बुजलेली विहीर.
४. नाणी, मणी, धातूचे पत्रे किंवा मूर्ती.
५. कोरीव शिळा. उत्तर कोकणात शेताच्या बांधावर वीरगळ व गधेगाळ उभे असतात. गधेगाळ हे शिलाहार काळातील दानाचे दगड असून त्यांवर दान मोडणाऱ्यास दिलेला शाप कोरलेला असतो. असे दगड बांधाच्या पिचिंगमध्ये घालू नयेत व त्यांवर तैलरंग लावू नये, अक्षरे बुजतात.

काय करावे, काय करू नये

१. त्या जागेवरील काम ताबडतोब थांबवावे. शेताच्या दुसऱ्या भागात काम चालू ठेवण्यास हरकत नाही.
२. वस्तू शक्यतो जागेवरून हलवू नये. चोरीचे भय असल्यास प्रथम छायाचित्र घ्यावे. त्यात वस्तूशेजारी मोजपट्टी किंवा विळा ठेवावा, म्हणजे आकार कळतो.
३. गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, जमिनीपासूनची खोली आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.
४. वस्तू धुऊ नये, घासू नये. घरातील तांब्याची भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासतात, तसे ताम्रपट किंवा नाणे मुळीच घासू नये. आम्लाने अक्षरे झिजतात.
५. एकाच ठिकाणी मिळालेल्या वस्तू वाटून घेऊ नयेत. नऊ पत्रे नऊ घरी गेले, तर दानपत्र कोणासही वाचता येणार नाही.
६. पावसाळा असल्यास खड्ड्यावर ताडपत्री घालून भोवती पाण्याचा चर काढावा.
७. पोलीस पाटील, ग्रामपंचायत व तहसील कार्यालय यांस लेखी कळवावे. तहसीलमार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास माहिती देता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेततळे, सपाटीकरण अथवा फळबाग लागवडीची आखणी करतानाच गावातील वृद्धांना विचारावे की, या शिवारात पूर्वी काही निघाले आहे काय? पांढरीची जागा, जुना गढीचा उंचवटा, मोडके देऊळ अशा ठिकाणी यंत्र लावण्यापूर्वी हाताने खणून पाहावे.

कायदा व शेतकऱ्याची शंका

सापडलेली वस्तू दडविण्यामागे बहुधा लोभापेक्षा भीती अधिक असते. कळविल्यास पोलीस त्रास देतील, जमीन जाईल, असे अनेकांस वाटते. यासाठी कायदा नीट समजून घ्यावा.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू मिळाल्यास, ती काय आहे, किती किमतीची आहे, कोठे व केव्हा सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. चौकशीअंती ठेव्यास धनी नाही असे ठरले व सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्यास व एक हिस्सा जमीनमालकास मिळतो. शासनास ती वस्तू हवी असल्यास जिल्हाधिकारी तिच्या धातूची किंवा द्रव्याची किंमत आणि वर एक पंचमांश रक्कम देऊन ती घेऊ शकतात. वस्तू मजुरास मिळाली असली तरी हा हक्क त्याचा आहे, हे जमीनमालकाने ध्यानी घ्यावे. जो कळवीत नाही, तो आपला हिस्सा गमावतो व एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो.

पुराणवस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये खाजगी व्यक्तीस पुराणवस्तू देशाबाहेर पाठविता येत नाही. म्हणून गावात येऊन जुनी मूर्ती विकत मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे. गुप्तधन काढून देतो असे सांगणाऱ्या मांत्रिकासही थारा देऊ नये. मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी अघोरी कृत्ये करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीसंबंधी बोलावयाचे तर, एखादी वस्तू मिळाली म्हणून शेत आपोआप शासनजमा होत नाही. एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून संरक्षित करावयाचे असल्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रथम दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते व त्या मुदतीत हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते. स्थळ संरक्षित झाल्यावर मात्र तेथील खोदकामावर व बांधकामावर निर्बंध येतात. ही गोष्ट शेतकऱ्यापासून लपवू नये; स्पष्ट सांगितल्यानेच विश्वास वाढतो.

पीक एका हंगामात बुडाले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही. चिंचणीच्या पत्र्यांमुळे हजार वर्षांपूर्वीच्या एका अन्नसत्रातील भात-कालवण आज ठाऊक आहे. पुढील पत्रा कोणाच्या शेतात निघेल, हे सांगता येत नाही. तो निघेल तेव्हा काम थांबवून वहीत चार ओळी लिहिणारा शेतकरी तेथे असावा, यासाठी प्रत्येक ग्रामसभेत ही माहिती वाचून दाखवावी.